मंगळवारच्या खुर्च्या

पुंता अरेनासला वारा सुटला की
चौकात दोर बांधतात,
माणसं ते धरून रस्ता ओलांडतात.
त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

मला मात्र बालवाडीच्या त्या दारात
दोन मंगळवार पाऊल टाकवलं नाही.
बाहेरूनच बघितलं :
मोठाली माणसं पोरांच्या खुर्च्यांवर,
गुडघे हनुवटीशी.

तिसऱ्या खेपेला आतून मारिसेलची हाक,
"ओविदियो, दार लाव बाबा, हीटर फुकट जळतोय."
एवढंच.
बसलो. खुर्ची करकरली. कुणी हसलं नाही.

मी खेकड्यांच्या कारखान्यात. दिवसभर
नांग्या मोडायच्या, कवचं फोडायची.
हातांना तीच सवय.
हे काही मी सांगितलं नाही.
म्हणालो, मुलगा नऊ वर्षांचा,
मोज्याची शिवण टोचते म्हणून लोळण घेतो,
शाळेची बस निघून जाते.
आई त्याची नातालेसला, हॉटेलात कामाला.
म्हणालो, झोप येत नाही.
म्हणालो, बाकी ठीक आहे.

तेव्हा कोपऱ्यातली एदुविना,
विणकाम खाली न ठेवता :
"मी धाकटीला एकदा खुराड्यात कोंडलं होतं.
दहा मिनिटं.
ती आता अठ्ठावीसची आहे.
ती मिनिटं अजून सरली नाहीत माझी."
सुया चालूच.

आणि माझ्या तोंडून निसटलं
गुरुवारचं. बुटाचं. कसा उगारला,
कसा तो डोळे मिटून, खांदे आवळून उभा राहिला,
जणू घरातच वारा सुटलाय.

मारिसेलनं वहीत काही लिहिलं नाही.
विचारलं, "उगारलास, आणि मग?"
मग खाली ठेवला.
"कसा ठेवलास?"
हा काय प्रश्न झाला!
आठवून बघितलं.
हळूच. जोडीशेजारी. टाचा भिंतीला लावून.
"हं," म्हणाली, "म्हणजे तुझ्या हातांना तेही येतं."

परतताना वारा होताच.
दोर धरला. पलीकडून कुणी बाई येत होती,
तिचा प्रत्येक हिसका
माझ्या तळव्याला कळत होता.

शेजारीण निघून गेली. इस्माएल जागाच.
मी मोजा उलटा केला,
शिवण बाहेर.
तो बराच वेळ बघत राहिला.
"असं चालतं?"
म्हटलं, माहीत नाही रे. घालून बघ.

एका पायात घातला.
दुसऱ्याचं उद्या बघू म्हणाला.