दावा क्रमांक एक

अर्जातला तिसरा रकाना: शोधकर्त्याचे नाव.
मी माझं लिहिलंय, आडनाव आधी,
होटकर रेवती सिद्राम.
खाली अजून दोन ओळी मोकळ्या आहेत.

अक्कलकोट रोडच्या त्या शेडमध्ये
चोवीस माग एकदम चालतात तेव्हा
कुणी कुणाशी बोलत नाही, हातवारे करतात.
तिथे व्यंकटेश गाजूल, जॉबर, वय एकोणसाठ,
उजवा कान गेलेला, डावा जायच्या वाटेवर,
मागाच्या लोखंडी चौकटीला टेकवायचे
तुटक्या धोट्याचा वीतभर तुकडा.
दुसरं टोक दातांत.
डोळे मिटायचे.
मग बोट दाखवायचे: ही तार.
मी घड्याळ लावलं. अकरा सेकंदांनी तुटली.

"दाताला कळतंय की ओ मॅडम.
कान काय, फुकटचे."

दोन वर्षं मी त्या दाताच्या मागे होते.
केगावच्या माळावर, प्रयोगशाळेत,
चव्वेचाळीस अंशांत पंखा बंद ठेवून,
कारण पंख्याची थरथरसुद्धा नोंदीत यायची.
बत्तीस रुपयांची एक चकती, चौकटीला चिकटवलेली,
आणि त्यांच्या दाताला जे कळतं
त्याचा आलेख.
आलेखाला अकरा काही जमेना. नऊवर अडला.
पुण्याच्या कंपनीला नऊ चालतात.

बौद्धिक संपदा कक्षातले तडवळकर सर
डबा खाता खाता अर्ज वाचतात;
कोपऱ्याला शेंगाचटणीचं बोट लागतं.
"घाला ना त्यांचं नाव, मी कुठे नको म्हणतो?
पण वरचे विचारतील, केव्हापासून करतात हे?
तीस वर्षं? सगळ्या शेडच्या देखत?
मग नवीन काय राहिलं, बाई?
दावा चकतीचा करा.
दात जुना आहे."

पेटंटला सरकारी मराठीत शब्द आहे, एकस्व.
एक. स्व.
मी दोघांना बसवून पाहिलं त्यात.
दरवेळी एक जण बाहेर उभा.

रविवारी विडी घरकुलात गेले.
त्यांनी कागद उलटसुलट करून पाहिला,
मराठी वाचतात, पण हे मराठी नव्हे म्हणाले.
मी सांगितलं: प्रत्येक चकतीमागे थोडे पैसे,
चाळीस टक्के विद्यापीठाचे, उरलेल्या साठात आपण दोघं.
त्यांच्या बायकोने सूप बाजूला सारलं,
तेलुगूत काहीतरी विचारलं.
त्यांनी ते मराठीत मला विचारलं:
"चकती लागली की शेठ
चोवीस मागाला किती जॉबर ठेवंल?"

हे मी मोजलं नव्हतं.
आलेखात त्याला अक्षच नव्हता.

चहा झाला. बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग त्यांनी खुंटीवरच्या शर्टातून तो तुकडा काढला,
बाहीला पुसला.
"घ्या. उद्या तुमच्या दातानं ऐका एकदा.
मग लिवा काय लिवायचं ते."

सोमवारी मी चौकटीला टेकून ऐकलं.
चोवीसच्या चोवीस माग कवटीत शिरले,
एकही तार वेगळी झाली नाही.
शेडमधली पोरं हसत होती, हसू ऐकू येत नव्हतं.

आता रात्र आहे. पंखा लावलाय.
दुसऱ्या ओळीत गाजूल व्यंकटेश, पुढे वडिलांचं नाव विचारायचं राहिलं.
वर्णनाच्या पहिल्या परिच्छेदात दात आहे,
तडवळकर सर तो खोडतील,
मी पुन्हा लिहीन, ते पुन्हा खोडतील,
मुदत शुक्रवारपर्यंत.
अर्ज उडू नये म्हणून वर धोट्याचा तुकडा ठेवलाय.
त्याच्या टोकाला व्रण आहेत,
वरचे चार, खालचे तीन, तीस वर्षांत खोल गेलेले.
माझे दात त्यांत बसले नाहीत.