एक लांब, दोन आखूड

उणे एकतीस. सापारालींनी खोका आणला
गाडीच्या मागच्या सीटवर, नमद्यात गुंडाळून,
वर पट्टाही लावला होता त्याला.
तुरसुनायनं पत्र्याला हात लावला, मागे घेतला.
"आत्ता नाही. घामेल तो.
आधी खोलीची सवय होऊ दे."

मग बसलो आम्ही, नारीनच्या त्या दुकानात,
मी चार्जरचं गिऱ्हाईक, ते खोक्याचे धनी,
आणि टेबलावर तो, अंगभर बारीक दंव,
वायरी पाठीमागे लोंबत.
चहा झाला. पाव मोडला. पुन्हा चहा झाला.

सापाराली नदीचं पाणी मोजतात, वरच्या ठाण्यावर, एकटेच.
सकाळी कुऱ्हाडीनं बर्फाला भोक पाडायचं,
काठी सोडायची, आकडा आणायचा,
ह्या खोक्यात घालायचा.
नऊ दिवस झाले खोका उठत नाही.
आकडे कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे साठतायत,
आणि नदीला, ते म्हणाले, थकलेला हिशेब आवडत नाही.

दीड तासानं तिनं पत्र्यावरून बोट फिरवलं. कोरडं.
स्क्रू बशीत. आत मेंढीच्या लोकरीएवढी धूळ.
एक पेपरक्लिप सरळ करून
हिरव्या तारेतून काळ्या तारेत खोचली :
पंखा कुरकुरला, फिरला.
"पोट शाबूत आहे," ती म्हणाली.
मग मेमरीची पट्टी उपसून
मुलाच्या खोडरबरानं (एक कोपरा चावलेला)
सोनेरी कड घासली, फुंकली नाही,
"थुंकी उडते," असं मला बजावून
पट्टी परत दाबली. खट्, खट्.

पडदा काळाच.
पण खोक्याला कंठ फुटला :
एक लांब. दोन आखूड.

सापारालींचा पेला ओठांपाशी थांबला.
सैन्यात तारयंत्रावर होते ते,
पन्नास वर्षं झाली, कान अजून ड्युटीवर.
"द," ते म्हणाले.
"ग्राफिक्स कार्ड," तुरसुनाय म्हणाली.
"असेल. पण म्हणतोय द."
पुन्हा बटण. पुन्हा द.
"आमचा एक लेफ्टनंट असाच. पिऊन यायचा,
पहिलं अक्षर ठोकायचा
आणि यंत्रावरच झोपायचा."

तिनं कार्ड उपटलं, दिव्याखाली धरलं.
तीन कपॅसिटर सपाट डोक्याचे,
चौथा टम्म, टाळूवर तपकिरी डाग.
"हे गेलं. ह्याच्यावाचून भागेल,
नदीचे आकडे बघायला एवढा थाट कशाला?"
आणि पडद्याची वायर
बोर्डाच्या स्वतःच्या, जुन्या, निळ्या तोंडात खोचली.

बटण.
एक आखूड. बस, एवढंच.

"ए!" म्हातारा उठून उभा राहिला.
"मघाचा द, आणि आता ए!"
म्हणजे द वर मात्रा पडली.
दे.
त्यांच्या भाषेत दे म्हणजे बोल.
माझ्या भाषेत काय, ते मी सांगितलं नाही;
नुकतंच त्याच्याकडून काढून घेतलं होतं काहीतरी,
ते अजून तुरसुनायच्या हातात होतं.

पडदा उजळला. पांढऱ्या अक्षरांत एकच अडचण :
तारीख चुकली आहे, तारीख भरा.
आतला गोल सेल मेलेला,
खोक्याच्या लेखी कुठलीतरी जुनी एक जानेवारी.
तिनं ड्रॉवर धुंडाळून नवा सेल बसवला.
"आज तारीख काय, अता?"
"एकशे अठ्ठेचाळीस," ते म्हणाले. "बर्फाखाली."
"तारीख."
ठाण्यावर तारीख कोण सांगणार?
त्यांनी खिशातून ते पान काढलं,
तिनं उलटून बघितलं : बंद पडला त्या दिवसाचंच पान.
मग परत सुलटं करून, एकेका आकड्यावर बोट ठेवत,
त्या तारखेपासून पुढे मोजत आली.

भिंतीवरच्या कॅलेंडराशी जुळेना.
पुन्हा मोजलं. आठच भरले.
"एक कमी आहे, अता."

सापाराली पेल्याच्या तळाशी बघत होते.
"एका सकाळी," ते म्हणाले,
"मीसुद्धा चालू झालो नाही."