स्वल्प नगरी

शहापुरात आमच्या दुकानात पांढऱ्या पडद्यासमोर
एक स्टूल आहे, त्याचा एक पाय आखूड.
बाबांनी त्याखाली सारलेलं बसचं तिकीट
अजून तिथंच. चिकोडी ते निपाणी असावं,
अक्षरं दबून गेली.

गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की बाबा
काळ्या कापडात डोकं घालून म्हणायचे,
मराठी माणसाला, "हं, जरा हसा",
कानडी माणसाला, "स्वल्प नगरी".

मला ते कितीतरी वर्षं मराठीच वाटायचं.
स्वल्प नगरी, म्हणजे एवढंसं शहर,
वेशीसकट,
जे बाबा त्या पेटीत माणसामागून माणूस
भरून ठेवताहेत.
सातवीत बसलिंग हिरेमठनं सांगितलं,
"लेका, थोडं हसा म्हणत्यात त्याला."
सगळा वर्ग हसला.
माझं एक शहर गेलं त्या दुपारी.

पुढं खूप हिंडलो.
स्पितीत पहाटे चारला बोटं बधिर होईतो उभा राहिलो
बर्फावर पहिलं ऊन पडेल म्हणून.
परक्या गावात डोळा उपाशी असतो,
काहीही गिळतो:
दाराशी एकच चप्पल, कौलावर वाळणारी मिरची,
न समजणाऱ्या भाषेतलं भांडण.
घरी आलो की तोच डोळा
जेवून कुशीवर वळलेला.
वडगावात मागांची खटखट गल्लीभर,
फोटोत आवाज येत नाही म्हणून
मी तो नादच सोडला.

खानापूरच्या वाटेवरचा मैलाचा दगड मात्र
तीनदा काढलाय.
पहिल्यात दोन लिप्या. दुसऱ्यात एकीवर डांबर.
तिसऱ्यात दुसरीवर.
आकडा तेवढा कुणी पुसला नाही.
तिन्हींत एक म्हैस दगडाला पाठ घासते आहे.
तीच म्हैस का, सांगता येत नाही.

एका मासिकानं कळवलं, रस्त्याचा फोटो उत्तम,
पाटी तेवढी कापा, वाचक गोंधळतात.
कापली.
कापल्यावर तो रस्ता कुठलाही झाला
आणि छापून आला.

मंगळवारी निंगव्वा आली, पेन्शनच्या अर्जासाठी.
चाळीस वर्षं मागावर बसलेली बाई,
स्टुलावर बसतानाही पाय पावड्या शोधत होते.
भिंतीवरच्या स्पितीच्या म्हातारीकडं बघून म्हणाली,
"ही कोण लागते रे तुझी?"
"कोण नाही. लांबची आहे."
"लांबच्या बाईला भिंतभर लावलायस,
आन् आमाला टिकलीएवढं?"
रागानं नव्हे. वांग्याचा भाव विचारावा तसं.

मला काही सुचेना.
तोंडातून आलं ते बाबांचं, "स्वल्प नगरी".
ती हसली. स्वल्प नाही, चांगली खळखळून,
दोन दात नसलेलं तोंड उघडून,
स्टूल कललं, तिकीट सरकलं,
पडद्याला तिचा हात लागून तो एका बाजूनं सुटला,
आणि मी बटण दाबलेलं होतं.

हसरा फोटो अर्जाला चालत नाही.
दुसरा काढला, सरळ, तोंड मिटून, सहा प्रती.
पदराची गाठ सोडून तिनं साठ रुपये मोजले,
वीस मी परत दिले, तिनं घेतले नाहीत.

रात्री पहिला मोठा करून पाहिला.
सुटलेल्या पडद्याच्या फटीतून रस्ता आलाय:
समोरच्या कुंद्याच्या दुकानाची अर्धी पाटी,
दोन्ही भाषांत अर्धीच,
सायकलचं मागचं चाक,
कुणाचं तरी कोपर, चहाचा पेला.
मी काढलेलं नव्हतं त्यातलं काही.

अजून लावलेला नाही.
खिळा कुठं ठोकायचा ठरत नाही.
जागा एकच आहे, तिथं ती स्पितीची म्हातारी,
आणि तिनं तरी
कुणाचं काय केलंय.