शेरा, कमाल चाळीस अक्षरे

परिपत्रक ईमेलनं आलं.
कारखानीसांनी त्याच्या तीन प्रती काढल्या,
एकीवर आवक क्रमांक टाकून ती साहेबांकडे,
एक फायलीला, तिसरी माझ्या हातात:
वाच. तुझं पोट ह्याच्यावर आहे.

देशभरची सगळी खाती एका धाग्यात ओवायची आहेत.
कुठल्याही माणसाला कुठल्याही खिडकीत
तेच तेच पुन्हा सांगावं लागणार नाही.
भाषा चांगली होती. कुणीतरी मनापासून लिहिली असावी.
सोबत कालमर्यादा,
आणि आमच्या वाट्याला चौदा हजार रुमाल.

रुमाल म्हणजे लाल कापडात बांधलेलं दप्तर.
पहिल्या दिवशी मला खिशातला आठवला.
कारखानीस हसल्यासारखं खोकले.

ठाण्यात, कोर्ट नाक्याच्या मागे, तळघरात,
पानामागे साठ पैसे.
गाठी त्यांनी सोडायच्या, पानं मी उलटायची.
गाठीवरून ते कारकून ओळखतात:
ही सबनीसांची. डावखुरे होते. उलटी बसते.

मग रकाने. गाव निवडा.
घणसोली शोधली की सेक्टर निघतात.
भाताचं शेत निवडायला जागा नाही,
मिठागर 'इतर'मध्ये जातं,
खाडी कशातच नाही.

गुरुवारी दुपारी, संपादनाच्या यादीत,
नाथी लडकू मढवी. निशाणी अंगठा, निळा, पुसट.
आणि समासात पेन्सिलीनं,
सबनीसांच्या मागं झुकलेल्या अक्षरात:

सदर बाईचा मुलगा हिरू पडाव घेऊन वेरावळास गेला तो आला नाही. आई म्हणते मुलगा परत येईल. हिस्सा राखावा. बाईस समजावू नये.

पेन्सिल स्कॅनरला दिसत नाही.
उजेड कमी केला तर पान काळं, वाढवला तर कोरं.
राहिला शेऱ्याचा रकाना. कमाल चाळीस.

मशीन आपल्यासारखं मोजत नाही.
म एक, त्याचा उकार दुसरा, ल, ग, काना.
मुलगा तोंडात तीन अक्षरांचा, इथे पाच.
'सदर बाईचा' कारखानीसांनी आनंदानं सोडलं.
हिरू गेला, चार.
पडाव गेला, चार.
वेरावळ गेलं, सहा.
'परत' काढू का, मी विचारलं, येईलमध्ये येतंच की ते.
नाही येत, म्हणाले. येणारे पुष्कळ असतात.
परत राहू दे.

आई म्हणते मुलगा परत येईल. हिस्सा राखावा.

चाळीस. टिंबांसकट.

बाईस समजावू नये
हे कुठल्या रकान्यात बसतं?
हुकूम नाही, पुरावा नाही, हक्कही नाही.
पन्नास वर्षांपूर्वी एका कारकुनाला
समोर बसलेल्या बाईकडे बघून
पुढच्या कारकुनाला सांगावंसं वाटलं,
एवढंच.
आणि पुढचा कारकून मी.
कंत्राटी. अकरा महिन्यांची.

पडद्यानं विचारलं, जतन करायचे?
होय. नाही.
कारखानीसांनी चष्मा वर करून
प्रश्न दोनदा वाचला,
आवक क्रमांक शोधत असावेत तसा.
मी होय दाबलं. हिरवी खूण आली.

त्यांनी रिकामा रुमाल झटकला,
चारी टोकं जुळवून घडी घातली.
रुमाल रद्दीत जातात. घडीसकट.

संध्याकाळी एजन्सीचा फोन:
रोज नऊशे, आज एकशे बारा?
वेलांट्या मोजत होते, असं कसं सांगू.
नेट गेलं होतं, म्हटलं.