पगार

तळाशिलच्या बंदराला माझे चार कयाक आहेत,
दोन पिवळे, दोन नारिंगी,
तासाला तीनशे, लाइफ जॅकेटसकट.
त्यांच्या पलीकडे माडाला बांधलेला,
आंब्याच्या एका खोडातून कोरलेला,
वासुमामांचा पगार.
आमच्यात होडीलाही पगार म्हणतात.
कर्जासाठी बँकेत गेलो, साहेब म्हणाले, पगार किती?
म्हटलं, सोळा फूट.
कर्ज मिळालं नाही. कयाक मामींच्या पाटल्यांवर आले.

परवा नाशिकच्या एक बाई वल्हवून परतल्या,
केस ओले, खांदे भरलेले, चेहरा उजळलेला.
म्हणाल्या, इतकी छान चालते ही,
मग तुम्ही स्वतः त्या लाकडातून का फिरता?
मी घाईत होतो. म्हटलं, सवय.
ते खोटं नव्हतं.
पण रात्री जेवताना उरलेलं उत्तर घशाशी येत राहिलं.

बाई, तुमच्या कयाकात कारखान्यानं आधीच ठरवलंय
तुम्ही कुठे बसणार, टाचा कुठे टेकणार.
मामा म्हणायचे, पगारात
बसाक गावता, उभ्यान रवाक गावता, निजाक पण गावता.
गुडघे दुखले की मी मांडी घालतो,
कालवांचा खडक जवळ आला की उभा राहतो,
उभं राहिलं की पाण्याचा तळ दिसतो,
बसलेल्याला नुसतं आभाळ दिसतं, पाण्यावर पडलेलं.

आणि वल्हं.
तुमच्याला दोन पाती, डावं उजवं डावं उजवं,
शिवणयंत्र चालावं तसं.
माझ्याला एकच, आणि तेही एकाच बाजूला.
प्रत्येक फटका पगाराला थोडा वाकडा नेतो,
म्हणून फटक्याच्या शेवटी
वल्हं पाण्यात असतानाच मनगट जरासं फिरवायचं.
चूक करायची,
आणि ती वर यायच्या आत पुसायची.
हे शिकायला मला दोन पावसाळे लागले.
मामा मागे बसून काही बोलायचे नाहीत,
फक्त खोकायचे. खोकला आला की समजायचं, तिवरात शिरतोय.

मागच्या मे महिन्यात रेवंडीहून
फिलसू फर्नांडिसची गाभण शेळी आणली,
एक गॅसचा सिलिंडर, तांदळाचं अर्धं पोतं,
आणि स्वतः फिलसू, जो शेळीहून जास्त घाबरतो.
तुमच्या पिवळ्यात शेळी कुठे बसली असती?
मध्यावर तिनं लेंड्या टाकल्या.
फिलसू म्हणाला, सॉरी.
शेळी काही म्हणाली नाही.

वाऱ्याचं मात्र कबूल करतो.
त्याच महिन्यात मसुऱ्याकडून येताना
दुपारचा खारा वारा समोरून असा बसला
की रिकामा पगार भिंतीसारखा अडला.
माझीच दोन गिऱ्हाइकं, कॉलेजची पोरं,
नारिंगी कयाकांतून पाण्याला चिकटून पुढे निघून गेली,
एकानं हात हलवला. मी पण हलवला.
मग तासभर झटून जिथून निघालो तिथेच आलो,
तिवराच्या मुळाला दोर टाकला,
आणि आडवा झालो.

तळाला शेळीचा वास होता अजून.
कानाच्या खाली, दोन बोटं लाकडाच्या पलीकडे,
खाडी काहीतरी चघळत होती.
ऊन गेलं, बगळे आले, भांडले, गप्प झाले.
लाकडावर आतून मामांच्या तासणीचे घाव आहेत,
बोटांनी मोजत होतो, चाळीसपर्यंत आलो,
झोप लागली.

जाग आली तेव्हा ओहोटी लागलेली
आणि पाठीमागून, डोंगराकडून, मतलई सुटलेली.
एकही फटका न मारता दोर सोडला.
बंदराला घरची माणसं बॅटऱ्या घेऊन उभी,
मामी शिव्या देत होत्या,
पोरांनी कयाक धुवून उलटे ठेवले होते,
आणि पैसे देऊन गेली होती, पाच तासांचे.

बाई, पुढच्या खेपेला या तेव्हा
सकाळी लवकर या, वारा पडलेला असतो.
पुढे बसा. वल्हं मी मारेन.
तुम्हाला फक्त एक काम:
मी तिवरात शिरायला लागलो की
खोका.