मधला बर्थ

बाप माझा लोंढ्याच्या शेडात सुतार.
सटुप्पा घाडी, तिकीट नंबर एकशे बारा.
भुवयांत रंध्याचा भुसा,
जेवतानाही कानावर पेन्सिल.

तो सांगायचा :
आधी झोप फक्त साहेबाची.
गादी त्याची, कंदील त्याचा, पाय चेपणारा त्याचा.
बाकी गाडी रात्रभर बसून जायची
शेजाऱ्याच्या खांद्यावर मान टाकून,
आणि खांद्याला विचारायची रीत नव्हती.
मग फळ्या आल्या. नुसत्या फळ्या,
फटीतून वारा, फटीत ढेकूण,
तरी कडेला आकडा रंगवलेला,
आणि आकडा म्हणजे
आज रात्री इथून तुला कोण उठवणार नाही.
रेक्झिन, गादी, ते फार नंतरचं.
"पाठ सरळ करायला लोकांना शंभर वर्षं लागली गं,"
म्हणायचा, आणि फुंकरीने भुसा उडवायचा.

स्लीपर म्हणजे रुळाखालचं लाकूड,
स्लीपर म्हणजे डबा,
स्लीपर म्हणजे ती, तुटक्या पट्ट्याची,
जी उशाला घेऊन झोपतात
बेळगाव स्टेशनाबाहेर,
नाहीतर सकाळी नसते.
लहानपणी मला एवढंच कळलेलं :
तिन्हींवर माणसांचा भार.

मीटरगेज गेली, डबे लिलावात गेले,
बाप पेन्शन घेऊन माझ्याकडे आला.
मी रात्रनिवाऱ्यात केअरटेकर :
एक हॉल, सोळा जागा, चौदा कांबळी,
एक वही. नाव, गाव, अंगठा.
जानेवारीत दाराशी तीस-तीस माणसं.
सतराव्याला नाही म्हणायचं
हे माझ्या कामाचं खरं नाव.

एका दुपारी बाप वितीने भिंत मोजताना दिसला.
"काय करूलास बा?"
बोलला नाही. दोन दिवसांनी मैनुद्दीनच्या भंगारातून
साखळ्या आणल्या, डब्यातल्याच,
मधला बर्थ टांगायच्या.
"खाली, मधी, वर. रेल्वेनं केलं तेच.
जागा वाढत नसते, पोरी. उंची फुकट पडून असते."
लाकूड तेहतिसाव्याला संपलं.

पहिल्या रात्री वर कोणी चढेना.
कल्लव्वा तर फळीखाली शिरली, गाठोड्यासकट,
"नेलान चलो," जमीनच बरी म्हणे.
कांबळं दिलं तेव्हा "थंडी" म्हणाली;
तो शब्द कानडीत आणि आमच्यात एकच आहे.
पहाटे तीनला मधल्या फळीवरचा बसलिंग हमाल
झोपेत ओरडला, चाऽय गरम!
अंधारात तेहतीस माणसं हसली.
असं हसू मी त्या हॉलमध्ये
चार वर्षांत ऐकलं नव्हतं.

नियम सात : सकाळी सहाला हॉल रिकामा.
बाप दारात उभा. माणसं
गाठोडी घेऊन धुक्यात चालली,
खानापूर रोडच्या पुलाकडे, कोण कुठे.
बराच वेळ पाहत राहिला, मग माझ्यावरच खेकसला :
"मधला बर्थ सहाला पाडतात, बरोबर.
पण पाडला की खालचा बसतो, मधला बसतो,
वरचा पाय सोडून बसतो.
धावत्या गाडीतनं कोण कोणाला उतरवतंय?"
आणि चहाला निघून गेला, पायात
माझ्याच स्लीपर घालून.

तेव्हापासून वहीत मी सहा लिहिते
आणि कुलूप साडेआठला लावते.
तोवर ती सगळी खालच्या फळ्यांवर ओळीने बसतात,
काही बोलत नाहीत,
खिडकीबाहेर बघतात.
मेमो आलाय. उत्तर लिहायचंय.

कल्लव्वा आता खालच्या बर्थवर.
रात्री मध्येच उठून विचारते,
"याव ऊर बंतु?" कुठलं गाव आलं?
"इन्ना बंदिल्ल, यव्वा. मलकोरी."
अजून आलं नाही. झोप.
ती कुशीवर वळते,
आणि वर कुठेतरी एक साखळी
जरा वेळ किणकिणत राहते.