आठपदरी

इलाहीचाचा कागदावर कधी पेन्सिल टेकवायचे नाहीत.
पापाच्या तिकटीवरून आणलेला पतंगी ताव
(राणी, पोपटी, हळदी),
त्याची आठपदरी घडी, वर अंगठा,
आणि शिंप्याची जुनी कात्री. एक कडी तुटकी,
तिला सुतळी गुंडाळलेली.
कात्री जागची हलत नसे. कागदच फिरे तिच्या तोंडात.

मी खळ ढवळायचो. मैदा, चिमूटभर मोरचूद.
आणि खाली पडलेलं वेचायचो:
बारके बदाम, अर्धे चंद्र, काही बिननावाचे.
"नीट झाड रे, जैनबीच्या कोंबड्या फसतात त्याला."

घडी ते स्वतः उलगडत नसत.
तालमीतून परतणाऱ्या कुणालातरी हाक मारत.
तो भलामोठा गडी, अंगाला लाल माती,
श्वास रोखून एकेक पदर सोडवी,
आणि चाचा त्याच्या तोंडाकडे बघत,
कागदाकडे नाही.

एकदा विचारलं, एवढं कापायचं
आणि दहाव्या दिवशी ताबूत पंचगंगेत?
"मग काय कपाटात ठेवायचा व्हय?"

त्या साली मोहरमच्या महिनाभर आधी
शुक्रवार पेठेत पाणी शिरलं.
जाळ्यांचा गठ्ठा फळीवर, आम्ही शाळेच्या वर्गात,
बाकांवर अंथरुणं.
"दरवर्षी आपण पोचवायचो," चाचा म्हणाले,
"यंदा ती स्वतःच न्यायला आली."
"माझ्या कोंबड्या पण नेल्या तिनं," जैनबी म्हणाली
आणि मग रडली.

पाणी उतरल्यावर दार खांद्यानं ढकललं.
गुडघाभर चिखल. गठ्ठ्याचा लगदा.
फक्त एक ताव, कसा कोण जाणे,
उलगडून चुन्याच्या भिंतीला बसलेला.
सोलायला गेलो तर कागद सायीसारखा हातात आला
आणि रंग तिथंच राहिला:
राणी रंगाची जाळी,
कात्रीनं काढून टाकलं होतं तिथं पांढरा चुना,
कडेनं मोर.

चाचांनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला.
"मान चुकलीय मोराची."
थोडं थांबून, "आठही ठिकाणी."

पुढच्या ईदेआधी भिंत मीच रंगवली.
तेवढा तुकडा सोड, असं कुणी म्हटलं नाही.
दोन हात मारले, तिसराही मारला.

आता चाचांचा हात थरथरतो, कात्री खुंटीवर असते.
पण श्रावणात भिंतीला ओल आली
की येतात वर हळूहळू,
माना तशाच वाकड्या, आठही.